गॅलिपोलीच्या फायली वाचायला बसताना

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांवर अभ्यास करायचा असं ठरवून जी मुलं येतात, ती जवळजवळ सगळी २५ एप्रिल १९१५ च्या पहाटेपासून सुरुवात करतात. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचा किनारा, होड्यांतून उतरणारी पोरं, समोर उभे कडे आणि वरून येणाऱ्या गोळ्या. त्यात वावगं काही नाही. ऑस्ट्रेलियात आजही त्या दिवशी गावोगावी लोक भल्या पहाटे स्मारकापाशी जमतात. पण या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की आधी लढाई नसलेल्या दिवसांचे कागद वाचा. सैनिकाचं बहुतेक आयुष्य त्या दिवसांतच गेलं आणि त्याबद्दल सर्वात कमी लिहिलं गेलं.

ऑस्ट्रेलियन सैन्य गॅलिपोलीवर आठ महिने होतं. मोठ्या हल्ल्यांचे दिवस त्यात थोडेच. बाकीचा काळ खंदक खणण्यात, उभ्या चढावर पाणी वाहून नेण्यात, पहाऱ्यात आणि आजारपणात गेला. पिण्याचं पाणीसुद्धा बरंचसं जहाजांतून आणावं लागे. खायला डबाबंद खारं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. ती इतकी टणक की काहींनी त्यांच्यावरच मजकूर लिहून ती घरी धाडली. उन्हाळ्यात माश्यांनी जीव नकोसा केला. दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात प्रेतं पडून होती. ती पुरायला २४ मे रोजी काही तासांचा युद्धविराम करावा लागला. मग हगवण आली. ऑगस्टपर्यंत कित्येक तुकड्यांत धड उभा राहू शकेल असा माणूस विरळा झाला होता. ऑगस्टमधल्या लोन पाइन या तुर्की ठाण्यावरच्या चढाईचं वर्णन वाचताना ही माणसं आधीच किती खंगलेली होती हे ठाऊक असेल, तर तेच वर्णन वेगळं वाटतं.

आता कामाचं. हे सगळं पुण्यात किंवा कोल्हापुरात घरी बसून सुरू करता येतं, त्यासाठी व्हिसा लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या वैयक्तिक फायली स्कॅन करून फुकट उपलब्ध केल्या आहेत. मालिकेचा क्रमांक बी२४५५. रेकॉर्डसर्च नावाच्या त्यांच्या शोधयंत्रात नाव किंवा सैनिक क्रमांक टाकला की फाइल उघडते. नाव सापडलं नाही तर हिरमुसू नका. बरेच जण खोट्या नावाने भरती झाले होते, कुणी वय लपवायला, कुणी घरच्यांना कळू नये म्हणून.

फाइलचं पहिलं पान म्हणजे भरतीचा अर्ज. वय, धंदा, उंची, छातीचं माप, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, धर्म, जवळचा नातेवाईक. उंचीचा रकाना तारखेसकट वाचा. १९१४ मध्ये किमान ५ फूट ६ इंच उंची लागे. १९१५ च्या मध्यात ती ५ फूट २ इंचांवर आणली. माणसं कमी पडू लागल्याची खूण तिथेच दिसते. हे सैन्य, ज्याला सगळे एआयएफ (ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स) म्हणतात, पूर्णपणे स्वयंसेवकांचं होतं. सक्तीची भरती करावी का, असं सरकारने १९१६ आणि १९१७ मध्ये जनतेला विचारलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशातून चार लाखांवर माणसं आपणहून भरती झाली, साठ हजारांवर परत आली नाहीत. साध्या शिपायाला दिवसाला ६ शिलिंग पगार होता, त्यातला १ शिलिंग सैन्यातून मोकळा होईपर्यंत राखून ठेवत. ब्रिटिश शिपायाच्या मानाने हा पगार कितीतरी जास्त होता. कामधंदा नसलेल्या तरुणाने हा आकडा पाहिला नसेल, असं मानू नका. देशप्रेम आणि पगार एकाच माणसाच्या मनात राहू शकतात.

त्यानंतर येतो बी१०३ नावाचा फॉर्म, म्हणजे सैनिकाच्या बदल्या, जखमा, आजार आणि शिक्षा यांची नोंद, आणि नवा विद्यार्थी इथेच अडतो. अक्षर घाईचं, शब्द तोडलेले. मोडी शिकलेल्या माणसाला जी चिकाटी लागते तीच इथे लागते. आठवडाभर रोज वाचलंत की डोळा बसतो. जीएसडब्ल्यू म्हणजे गोळीची जखम, पण तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेली जखमही बऱ्याचदा त्याच तीन अक्षरांत टाकलेली असते. डीओडब्ल्यू म्हणजे जखमांमुळे मृत्यू. आरटीए म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत. एडब्ल्यूएल म्हणजे रजेशिवाय गैरहजर, पुढे किती दिवसांचा पगार कापला ते. आणखी एक बारकावा: डावीकडची तारीख बातमी कार्यालयाला मिळाल्याची असते, घटनेची तारीख उजवीकडे. दोन्हींत कधी आठवड्यांचं अंतर असतं. घरच्यांना काय कधी कळलं हे त्या अंतरावरून उलगडतं आणि माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधली सर्वात मोलाची माहिती तीच.

बहुतेक जण बी१०३ संपला की फाइल बंद करतात. तुम्ही करू नका. मेलेल्या सैनिकाच्या फाइलमध्ये पुढे पत्रव्यवहार असतो. मुलाच्या सामानाचं काय झालं, असं विचारणारी आई असते. मग सामानाची यादी येते: पाकीट, फोटो, पत्रं, एखादं घड्याळ. कबर कुठे आहे, असं विचारणारी पत्रं असतात. युद्ध संपल्यावर कधीतरी मेलबर्नच्या बेस रेकॉर्ड्स कार्यालयातून छापील पत्र येतं: पदक द्यायचं आहे, तरी तुमच्यापेक्षा जवळचं रक्ताचं नातं असलेलं कुणी आहे का, उदाहरणार्थ त्याचे वडील हयात आहेत का? पदकाच्या वारसाक्रमात आईच्या आधी वडील येत. मुलाला एकटीने वाढवलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या बायकांनाही हेच पत्र गेलं. त्यांची उत्तरं वाचताना घाई करू नका. युद्धाचा अनुभव फक्त खंदकातल्या माणसाचा नसतो, हे तुम्हाला त्या पानांवर कळेल.

फाइलच्या जोडीला दोन गोष्टी ठेवा. एक, त्या पलटणीची वॉर डायरी, म्हणजे पलटणीची रोजची अधिकृत नोंदवही. कॅनबराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे त्या एडब्ल्यूएम४ या मालिकेत आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. दुसरी, सैनिकाची स्वतःची पत्रं आणि रोजनिशी. पत्रं त्यांचेच अधिकारी तपासत, शिवाय वाचणारी आई असे, म्हणून पत्रातला मुलगा नेहमी खुशाल असतो. रोजनिशीत तोच मुलगा घाबरलेला, वैतागलेला, कधी निर्दय. न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयाने युद्ध संपताच सैनिकांकडून रोजनिशा विकत घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे तिथला साठा फार चांगला आहे. एकाच माणसाचं एकाच आठवड्यातलं पत्र आणि रोजनिशी शेजारी ठेवून वाचा. नवशिक्याला यापेक्षा चांगला सराव मला सुचत नाही.

रेड क्रॉसच्या चौकशी फायलींबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. व्हेरा डीकिन ही माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची मुलगी. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिने कैरोत जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या चौकशीचं कार्यालय उघडलं. पुढे ते लंडनला गेलं. घरून पत्र आलं की कार्यकर्ते इस्पितळांत जाऊन त्या पलटणीच्या जखमींना विचारत: अमुक माणूस तुम्ही शेवटचा कुठे पाहिला? उत्तरं तशीच टाइप करून ठेवली आहेत. एक म्हणतो, माझ्या शेजारी पडला, जागच्या जागी गेला. दुसरा म्हणतो, त्याला स्ट्रेचरवर नेताना पाहिला. तिसरा वर्णन करतो ते भलत्याच माणसाचं. यातलं खरं कोणतं हे ठरवायची घाई नवे अभ्यासक करतात. माझा आग्रह असतो, की सगळ्या साक्षी नोंदवा आणि साक्षीदार त्या क्षणी कुठे होता ते आधी शोधा.

असल्या कागदांनी काय होऊ शकतं याचं उदाहरण फ्रान्समधल्या फ्रोमेलचं. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सुरू झालेल्या त्या लढाईत एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलबर्नचे एक शिक्षक, लॅम्बिस एंग्लेझोस, यांच्या लक्षात आलं की बेपत्तांची संख्या आणि त्या भागातल्या अनोळखी कबरींची संख्या जुळत नाही. मग बाकीचे गेले कुठे? त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर २००९ मध्ये तिथल्या फेझंट वुड या रानाजवळच्या सामूहिक कबरीतून २५० सैनिकांचे अवशेष काढले गेले आणि डीएनएच्या मदतीने त्यांतल्या बऱ्याच जणांना नाव परत मिळालं. एंग्लेझोस विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, हे मी मुद्दाम सांगते.

नोकरीबद्दल विचारतात म्हणून सांगते: या विषयात कायमच्या जागा कमी आहेत. अभिलेखागारं, संग्रहालयं, स्थानिक इतिहासाची ग्रंथालयं, कुटुंबांसाठी संशोधन करून देणं, यांवर बरेच जण उभे राहतात. स्कॅन झालेलं सगळं वाचून संपवल्याशिवाय कॅनबराचं तिकीट काढू नका. तिथला वेळ खाजगी कागदपत्रांच्या न स्कॅन झालेल्या पेट्यांसाठी राखा. आणि फाइलमध्ये गुप्तरोगाची किंवा शिक्षेची नोंद दिसली तर लक्षात ठेवा, की त्या माणसाची नातवंडं-पतवंडं हयात आहेत. लिहायचं टाळू नका, पण चघळू नका.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक विषय मला फार दिवस खुणावतोय. १९१५ मध्ये भारत सरकारच्या मागणीवरून ऑस्ट्रेलियाने वैमानिकांची छोटी तुकडी, हाफ फ्लाइट, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवली. ती मुंबईमार्गे बसऱ्याला गेली. तिथे त्यांच्यासोबत होती सहावी पुणे डिव्हिजन आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. मेलबर्नचा तरुण डॉक्टर-वैमानिक जॉर्ज मर्झ जुलैमध्ये मारला गेला. थॉमस व्हाइट नोव्हेंबरमध्ये बगदादजवळ टेलिग्राफच्या तारा तोडताना पकडला गेला. पुढे तो तुर्कांच्या कैदेतून निसटला आणि १९२० मध्ये त्याचं लग्न झालं ते याच व्हेरा डीकिनशी. २९ एप्रिल १९१६ ला वेढ्यात अडकलेलं कूतचं ठाणं तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा मराठा शिपायांबरोबर हाफ फ्लाइटचे नऊ मेकॅनिकही कैद झाले. त्यातले सात कैदेत मेले.

त्या मेकॅनिकांचे डोळे कोणत्या रंगाचे होते हे मी घरबसल्या सांगू शकते. त्यांच्या शेजारून चालत गेलेल्या साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या शिपायांबद्दल असं काहीच हाती लागत नाही. आपल्या गावांत महायुद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या आहेत त्यांवर इतके गेले आणि इतके मेले, एवढाच आकडा असतो. या दोन दप्तरांतली तफावत हाच प्रबंधाचा विषय होऊ शकतो. ऑस्ट्रेलियन बाजू तयार आहे. भारतीय पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ मालिकेत आहेत. सरकारी पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ आधी चाळा. आणि तोवर कुणीतरी साताऱ्यात एकेका गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घ्यायला हवीत.