आरोग्य हक्कांच्या कामात येताना : पुण्यात एम.एस.डब्ल्यू. करू पाहणाऱ्यांसाठी

जून उजाडला की एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करू पाहणाऱ्या नात्यातल्या, ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, एम.एस.डब्ल्यू.ला स्पेशलायझेशन मेडिकल घेऊ की कम्युनिटी, म्हणजे रुग्णालयातलं काम की वस्तीतलं? आता बरंचसं ऑनलाइन होतं म्हणे, मग पुण्यात खोली घेऊन राहायचं कशाला?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते, कारण आमची बॅच नेमकी त्याच प्रश्नात सापडली होती. 2020 साली आम्ही शेवटच्या वर्षाला होतो.

राज्यातले पहिले कोरोना रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यातच आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. पंधरवड्याच्या आत हॉस्टेल रिकामी झाली. मी वेल्ह्याकडे गावी गेले. घरात रेंज नाही, म्हणून लेक्चरच्या वेळी वरच्या पठारावर जाऊन बसायचं. पाऊस लागला की तेही बंद. वर्गातल्या किती जणांकडे लॅपटॉप नव्हता हे आम्हाला तेव्हा कळलं, पण सरकारच्या आकड्यांत ते आधीपासून होतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 15 टक्क्यांच्या आसपास घरांत इंटरनेटची सोय. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्येच, म्हणजे साथीच्या आधी, एका कॉलेजच्या मुलीने हॉस्टेलमधल्या मोबाइलबंदीविरुद्ध केलेल्या याचिकेवर सांगितलं होतं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. आमच्यापैकी कोणालाही हा निकाल माहीत नव्हता. माहीत असता तर निदान अर्जात लिहिता आला असता.

थिअरी ऑनलाइन शिकता येते, यात वाद नाही. कायदे, संशोधन पद्धती, समाजशास्त्र मी पठारावर बसूनही नीट शिकले. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे काही कोर्स तर चांगलेच आहेत, आणि 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. फिल्डवर्कचं, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात किंवा वस्तीत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचं, मात्र तसं नाही. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेली बाई तुमच्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे बघून बदलते. तो चहा आणायला गेला की खरं सांगते. तो चहाला जाईपर्यंत तुम्ही तिथे बसलेले असावे लागता. आम्हाला त्या काळात 'ऑनलाइन फिल्डवर्क' म्हणून पोस्टर करायला आणि वेबिनारचे अहवाल लिहायला लावले. शिक्षकांचा नाइलाज होता, हे मान्य. पण ते फिल्डवर्क नव्हतं. त्यामुळे पुण्यात राहायचं ते आठवड्यातल्या त्या दोन दिवसांसाठी. खोली शेअर करा, डबा लावा, पण राहा.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. राज्य सरकार अंतिम वर्षाच्या परीक्षा नको म्हणत होतं, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) घ्या म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 ला निकाल दिला : परीक्षेशिवाय पदवी नाही, हवं तर राज्यांनी मुदत वाढवून मागावी. ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली. खचलेल्या माणसाशी कसं बोलाल, याचं उत्तर चारांपैकी एका गोलात भरायचं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

माझं खरं शिक्षण त्याच सुमारास झालं. पुण्यात खाटा मिळेनाशा झाल्या होत्या, आणि मी रुग्णांच्या नातेवाइकांना फोनवर मदत करणाऱ्या एका गटात काम करू लागले. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले होते : साध्या वॉर्डला दिवसाला 4000 रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयूला 7500, व्हेंटिलेटरसह 9000. उरलेल्या 20 टक्के खाटांना रुग्णालयाचा स्वतःचा दर. नातेवाइकांना हा फरक कोणी सांगतच नसे.

एका काकांनी व्हॉट्सअॅपवर बिलाचे फोटो पाठवले. त्यांची बायको अकरा दिवस वॉर्डात होती. पहिल्या पानावर खाटेचा दर बरोबर 4000. खाली मात्र 'नर्सिंग' आणि 'डॉक्टर व्हिजिट' पुन्हा वेगळे लावलेले, खरं तर ते बांधलेल्या दरातच धरलेले होते. मी अधिसूचनेची प्रत पाठवली आणि म्हटलं, "काका, भांडू नका. हा कागद आणि बिल घेऊन बिलिंगला जा, आणि हे दोन आकार वेगळे का लावले ते लेखी द्या म्हणा. नाही दिलं तर महापालिकेच्या लेखापरीक्षकाकडे अर्ज करू." संध्याकाळी त्यांचा फोन आला, रक्कम कमी झाली होती. "पोरी, दिवसभर हात जोडले तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि कागद बघून खुर्ची दिली," असं म्हणाले. ते ऐकून मला आनंदापेक्षा संतापच जास्त आला. ज्यांच्याकडे आमचा नंबर नव्हता त्यांचं काय झालं असेल?

ते साथीतले दर आता लागू नाहीत, पण नव्या मुलांना पाठ असाव्यात अशा गोष्टी उरल्या आहेत. राज्याच्या शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणी नियमांत 14 जानेवारी 2021 ला सुधारणा झाली. रुग्ण हक्क सनद आणि 15 सेवांचे दर दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. मी कुठल्याही रुग्णालयात गेले की आधी तो फलक शोधते. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, आणि त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. पुण्यात अशी मोठी रुग्णालयं बरीच आहेत. या खाटांसाठीचा अर्ज रुग्ण दाखल होतानाच करायचा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेसाठी, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठायचं आणि तो नाही म्हणाला तर कारण लेखी मागायचं.

कायदा वाचायची सवयही लावून घ्या. 13 मार्च 2020 ला राज्याने लागू केलेला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या साथीतला. चार-पाच कलमांचा मजकूर आहे, तासाभरात वाचून होतो. त्यात सरकारला अधिकार आहेत, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे, पण रुग्णाचा हक्क म्हणून एक ओळ नाही. 1897 मध्येच, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि आपल्या विषयाची सुरुवात मी तिथूनच मानते. रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या बाईने जे केलं ते त्या कायद्यात कुठेच बसत नाही.

आता स्पेशलायझेशनचं. हक्कांच्या कामात यायचं असेल तर मेडिकल घ्या, पण फिल्डवर्कचं एक सत्र वस्तीत मागून घ्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात पोचलेला माणूस तिथवर कसा आला हे ताडीवाला रस्ता किंवा जनता वसाहत अशा वस्त्यांत फिरल्याशिवाय कळत नाही. फिल्डवर्कच्या प्लेसमेंटची यादी लागण्याआधी समन्वयकांना लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं प्रवेशाच्या गर्दीत राहून जातं. आणि ज्यांच्या गावी अजून रेंज येत नाही त्यांनी लेक्चरचं रेकॉर्डिंग आणि नोट्स मिळाव्यात असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा, पोच घ्यावी. अर्ज कसा लिहायचा ते कळत नसेल तर मला फोन करा, मी बसून लिहून देईन.