सर्व्हर सॉफ्टवेअर चालू केलं की कर्नल पॅनिक होतोय? ट्रेसमधल्या नावावर जाऊ नका

लोड आला की अख्खं मशीन आडवं, स्क्रीनवर कर्नल पॅनिक (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, तोच कोसळलाय), आणि त्या आकड्यांच्या जंजाळात, म्हणजे ट्रेसमध्ये, एका ओळीत तुमच्या डेटाबेसचं नाहीतर वेब सर्व्हरचं नाव. मग जो तो सल्ला देतो, सॉफ्टवेअर काढून परत टाका, व्हर्जन बदला, कॉन्फिग बदला. यातलं काही करू नका. रूटचे, म्हणजे मुख्य ॲडमिनचे, अधिकार नसलेला साधा प्रोग्रॅम कितीही गचाळ लिहिलेला असला तरी तो फार तर स्वतः मरतो, धड असलेला कर्नल त्याच्याने पडत नाही. कर्नल पडला म्हणजे बग कर्नलमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये आहे, नाहीतर हार्डवेअर गेलंय, सर्व्हर सॉफ्टवेअरचा फक्त नेमका तिथे पाय पडला. (हे सगळं लिनक्सबद्दल चाललंय.)

आधी हा खरंच पॅनिक आहे का ते बघा. जर्नलसीटीएल या कमांडने मागच्या बूटचा कर्नल लॉग काढा. 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे 'किल्ड प्रोसेस' दिसलं तर मेमरी संपल्यावर जागा होणाऱ्या ओओएम किलरने प्रोसेस मारलीय, कर्नल ठणठणीत आहे, मेमरीचं बघा. प्रोसेस १२० सेकंदांच्या वर अडकली अशी तक्रार असेल तर ती हंग टास्कची, तिथे आधी डिस्क तपासा. मशीन चेकच्या ओळी (सीपीयूनेच केलेली हार्डवेअरची तक्रार) असतील तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालूच नका. आणि लॉग मध्येच तुटलेला असेल तर त्यात नवल नाही, पॅनिक झाल्यावर डिस्कवर लिहायला मागे कोणी उरतच नाही.

त्यासाठीच केडंप असतो. बूट लाइनवर क्रॅशकर्नल पॅरामीटर टाकून २५६ एमबी राखून ठेवा, रॅम भरपूर असेल तर जास्त, मग रीबूट करून केडंपची सर्व्हिस चालू करा. पॅनिक झाला की त्या राखीव जागेत बसलेला दुसरा छोटा कर्नल उठतो आणि मेलेल्याची मेमरी डिस्कवर उतरवून घेतो. सोबत पॅनिक-ऑन-ऊप्स १ करा, कारण नाहीतर ऊप्स (कर्नलच्या आतली गंभीर चूक) झाल्यावर बऱ्याचदा ती एकच प्रोसेस मरते, तिने धरलेली लॉक तशीच राहतात, आणि मशीन लंगडत लंगडत चालून भलत्याच जागी पडतं. मग सगळ्या सर्व्हिस थांबवून स्वतःच पॅनिक करा: सिसआरक्यू ट्रिगरच्या फाइलमध्ये रूट म्हणून 'सी' हे एक अक्षर लिहिलं की कर्नल तिथल्या तिथे पडतो. सर्व्हिस 'ॲक्टिव्ह' दिसतेय म्हणून ही टेस्ट टाळू नका. मी टाळली होती, आणि डंप घेणाऱ्या कर्नलकडे स्टोरेजचा ड्रायव्हरच नाही हे मला खऱ्या क्रॅशनंतर रिकाम्या फोल्डरने सांगितलं. डंप जमतच नसेल तर नेटकन्सोल लावा, तो कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर फेकतो, निदान ट्रेस तरी हाती लागतो.

आता ट्रेस वाचायचा. इथेच लोक फसतात, मीही फसलो होतो.

ट्रेसमध्ये 'कॉम' म्हणून एक शब्द असतो आणि त्याच्यापुढे प्रोसेसचं नाव. माझ्याकडे लागोपाठ तीन क्रॅशमध्ये तिथे डेटाबेसचं नाव. मी डेटाबेस अपग्रेड केला, डाउनग्रेड केला, बफर कमी केले, कनेक्शन कमी केली, कनेक्शन कमी केल्यावर क्रॅश जरा उशिरा यायला लागला म्हणून खूशही झालो. मग चौथ्या क्रॅशला नाव आलं स्वॅपर, पुढे तिरकी रेघ आणि ३. पहिल्यांदा वाटलं स्वॅपची भानगड आहे, स्वॅप बंद करून बघितला (हसू नका). स्वॅपरचा स्वॅपशी आता काही संबंध नाही, तो आयडल टास्क आहे, म्हणजे ३ नंबरचा सीपीयू (मोजणी शून्यापासून) तेव्हा चक्क रिकामा बसला होता. रिकाम्या सीपीयूवर डेटाबेस कसा काय क्रॅश करणार?

मग मी शेवटची ओळ नीट वाचली, जी चारही वेळा डोळ्यांसमोर होती: 'नॉट सिंकिंग, फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट'. इन इंटरप्ट! म्हणजे कर्नल त्या प्रोसेसचं काम करतच नव्हता, हार्डवेअरने मध्येच हाक मारली म्हणून तो तिकडे गेला होता आणि तिथे पडला. 'कॉम'मध्ये नाव येतं ते त्या क्षणी त्या सीपीयूवर जो कोणी चढलेला असेल त्याचं, आणि सर्व्हरवर दिवसभर डेटाबेसच चढलेला असतो. घरफोडी झाली तेव्हा ओट्यावर कोण बसलं होतं, एवढंच ते नाव सांगतं.

तेव्हा माझा क्रम आता असा आहे. पहिला ऊप्स शोधायचा, शेवटचा नाही, कारण पुढचे सगळे पहिल्याच्या पडझडीतून येतात. 'टेंटेड' (कर्नलला डाग लागल्याची खूण) या शब्दापुढच्या अक्षरांत डी असेल तर याच्या आधी एक होऊन गेलाय, वर सरका. त्याच अक्षरांत ओ म्हणजे कर्नलच्या बाहेरून आणलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा, जसा ड्रायव्हर) लोड झालंय, पी म्हणजे बंदिस्त सोर्सचं, आणि ही दोन्ही दिसली की माझा संशय लगेच तिकडे वळतो. मग आरआयपीची ओळ, म्हणजे पडताना सीपीयू कोडमध्ये कुठे होता ते: फंक्शनचं नाव, किती बाइट आत, आणि चौकोनी कंसात मॉड्यूल, कंस नसेल तर कोड मूळ कर्नलमधला. मग कॉल ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी, खालून वर वाचायचा, प्रश्नचिन्हाच्या ओळी सोडून, त्या स्टॅकवर पडलेला जुना कचरा असू शकतात. ट्रेसमध्ये आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्टच्या, खुणा असतील तर त्यांच्या मधला भाग इंटरप्टचा, प्रोसेसचा त्याच्या खाली. माझ्या केसमध्ये मधल्या भागात नेटवर्क कार्डचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर उघडाच बसला होता. जो वाचताना तो पडला तो मेमरीचा ॲड्रेस होता नुसता १८, हेक्समध्ये, म्हणजे नल (शून्य ॲड्रेसच्या) पॉइंटरवरून २४ बाइट पुढचं फील्ड वाचायला गेलेला. कनेक्शन कमी केल्यावर क्रॅश लांबला तो पॅकेट कमी झाले म्हणून.

एक धोका यातही आहे. कधी कधी एकाने मेमरी खराब केलेली असते आणि ठेच दुसऱ्यालाच लागते. ट्रेस दरवेळी त्याच फंक्शनमध्ये असेल तर बिनधास्त त्यावर तुटून पडा, पण दरवेळी वेगळीच जागा असेल तर आधी रात्रभर मेमटेस्ट चालवा, आणि रॅम चांगली निघाली तर स्लब डीबग (कर्नलच्या मेमरी वाटपावर नजर ठेवणारी सोय) चालू करून बूट करा, मग सोडलेल्या मेमरीत ६बी हा हेक्स बाइट भरला जातो आणि रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी अशी माळ दिसली की कोणीतरी फ्री केलेली मेमरी वापरतंय हे समजतं.

नुसत्या ट्रेसने भागलं नाही तर क्रॅश नावाच्या टूलमध्ये डंप उघडा, डीबग सिम्बॉल (ॲड्रेसवरून फंक्शनची नावं कळण्यासाठीची माहिती) अगदी त्याच बिल्डचे हवेत, जवळपासचे नाही.

मग सिद्ध करा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तोच लोड परत मारायचा. मी बाहेरचा ड्रायव्हर काढून कर्नलसोबत येणारा लावला, डेटाबेसच्या सगळ्या सेटिंग जुन्याच केल्या, आणि तिप्पट कनेक्शन सोडली. पडला नाही. बाहेरचा परत लावला, पडला. मूळ कर्नलमध्येच बग असेल तर त्याच सीरिजचा ताजा स्टेबल आधी बघा, आणि जुना चालत होता अन् नवा पडतोय असं असेल तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे दोषी कमिट (कोडमधला बदल) दरवेळी यादी अर्धी करत शोधा, हजार कमिटना साधारण दहा बिल्ड पुरतात.

बग रिपोर्ट करताना ट्रेस पूर्ण द्या, मोबाइलवर काढलेला अर्ध्या स्क्रीनचा फोटो नको. डंपची फाइल मात्र कोणालाही तशीच पाठवू नका, ती सर्व्हरच्या मेमरीची नक्कल आहे, पासवर्ड आणि खासगी की तिच्यात जशाच्या तशा असू शकतात.