ज्युरीच्या निकालाला आव्हान द्यायचंय? तयारी निकालाआधी करा

पुण्यात चार वर्षं दिवाणी वकिली केली, मग एलएल.एम. करून न्यूयॉर्कमध्ये फेडरल कोर्टाच्या कामाला लागले. सोबत एक सवय आणली होती: ‘अपिलात बघू.’ आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ च्या पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तपासून घेता येतो. इथे अमेरिकेच्या सातव्या घटनादुरुस्तीमुळे ज्युरीने (खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) ठरवलेल्या वस्तुस्थितीला वरचं कोर्ट सहसा हात लावत नाही. नव्याने येणाऱ्यांनी आधी हे मनात पक्कं करावं.

माझ्या पहिल्या खटल्यात आम्ही प्रतिवादीकडून होतो. वादीचा पुरावा संपला, ज्युरी मधल्या सुट्टीसाठी आत गेली आणि आमच्या सीनियर बाई लगेच उभ्या राहिल्या. पिवळ्या पॅडवर तीनच ओळी होत्या. नुकसानभरपाईच्या कुठल्या बाबीला पुरावाच आलेला नाही, एवढंच. पाच मिनिटांत मोशन, म्हणजे कोर्टाकडे केलेला अर्ज, नामंजूर! मला वाटलं, वेळ वाया गेला. पण ते फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतल्या नियम ५०(अ) चं मोशन होतं: पुरावा इतका अपुरा आहे की ज्युरीकडे न सोपवता न्यायाधीशांनीच निर्णय द्यावा, ही मागणी. प्रकरण ज्युरीच्या हाती जाण्यापूर्वीच ते करावं लागतं, आणि निकालानंतरचं ५०(ब) त्याच मुद्द्यांवर उभं राहतं. नवा मुद्दा आणता येत नाही.

निकाल विरुद्ध गेला. ‘एकदा नामंजूर झालंय, परत कशाला?’ मी विचारलं. बाईंनी युनिथर्म विरुद्ध स्विफ्ट-एकरिच हा २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निवाडा समोर ठेवला. निकालानंतर मोशन केलं नाही, तर पुरावा अपुरा होता हे अपिलात म्हणताच येत नाही.

मुदत २८ दिवस, आणि तीही ज्युरीच्या निकालापासून नव्हे, जजमेंटची, म्हणजे त्या निकालावरच्या कोर्टाच्या औपचारिक निर्णयाची, नोंद झाल्यापासून. आपल्यासारखा विलंब माफीचा अर्ज इथे नाही. कोर्टालाही ही मुदत वाढवता येत नाही. मोशन वेळेत असेल तर अपिलाचे ३० दिवस त्यावरच्या आदेशापासून मोजतात. उशिरा केलेल्या मोशनच्या भरवशावर राहिलात, तर अपीलही हातचं जाऊ शकतं.

सोबत नियम ५९ खाली नव्या ट्रायलची मागणी जरूर जोडा. ५० मध्ये न्यायाधीश साक्षीदारांची विश्वासार्हता तोलत नाहीत, ५९ मध्ये तोलू शकतात. माझ्या मते नवखे वकील इथेच कमी कष्ट घेतात. आमचं ५०(ब) नामंजूर झालं, पण ५९ वर न्यायाधीशांनी वादीला पर्याय दिला: कमी रक्कम घ्या, नाहीतर नवी ट्रायल. वादीने कमी रक्कम घेतली.