‘सर्व ठीक’ लिहिलेली वही

मानवशास्त्रात एमए करून मी संघटनांच्या अभ्यासाकडे वळले, त्याला चौदा वर्षं झाली. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की हमखास विचारतात, की संस्कृती ही काही दाखवता येणारी वस्तू नव्हे, मग तिचा अभ्यास करायचा कसा? मी त्यांना आधी माझं पहिलं काम सांगते.

एका मोठ्या कारखान्यात कामगार वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलतात का, हे पाहून अहवाल द्यायचा होता. मी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली. तीनशेहून जास्त लोकांनी ती भरून दिली आणि बहुतेकांनी ‘सहमत’वर खूण केली. तक्ते काढले, संवाद उत्तम असल्याचं लिहिलं, व्यवस्थापन खूश झालं. त्यानंतर पंधरा दिवसांत तिथल्या एका प्रेसवर एका माणसाची दोन बोटं गेली. गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक झाकण, उघडला की मशीन बंद पाडणारा स्विच कुणीतरी तारेने बांधून ठेवला होता, आणि तो महिनोन्‌महिने तसाच होता. पाळीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. माझ्या तीनशे प्रश्नावल्यांत त्याचा मागमूस नव्हता.

मी परवानगी मागून परत गेले आणि या वेळी तीन महिने नुसती बसले. पाळी बदलताना आधीचा माणूस एका वहीत नोंद करतो आणि पुढचा ती वाचून काम सुरू करतो. मी जुन्या वह्या चाळल्या. पानामागून पान एकच शेरा: ‘सर्व ठीक’. तार बांधलेल्या मशीनवरही ‘सर्व ठीक’. एक वयस्कर ऑपरेटर होते, त्यांनी शेवटी मला सांगितलं, “मॅडम, वहीत लिहायचं ते वेगळं आणि पुढच्या माणसाच्या कानात सांगायचं ते वेगळं.”

कारण साधं होतं. बिघाड लिहिला की मशीन थांबतं, मशीन थांबलं की त्या पाळीचं उत्पादन घटतं, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये ज्याने नोंद केली त्याचंच नाव निघतं. ‘बिघाड लिहू नका’ असं कुणी कधीच म्हटलं नव्हतं. उलट ‘सुरक्षितता सर्वप्रथम’ची पाटी प्रत्येक खांबावर होती. नवीन लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यात खरं लिहायचा. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी चहाच्या वेळी त्याला बाजूला घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्याही अक्षरात ‘सर्व ठीक’ दिसायला लागायचं. एवढ्या तीन आठवड्यांत काय घडतं, ते मला नीट पाहायला मिळालं, आणि माझा सगळा अभ्यास पुढे त्यावरच उभा राहिला.

एडगर शाइन या अमेरिकी अभ्यासकाने संघटनेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत. वर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाट्या, गणवेश, बसण्याची व्यवस्था. त्याखाली लोक आपली म्हणून सांगतात ती मूल्यं. आणि तळाशी ती गृहीतकं, जी इतकी अंगवळणी पडलेली असतात की कुणी बोलूनही दाखवत नाही. माझ्या कारखान्यात पाटी पहिल्या थरावर होती, प्रश्नावलीतलं ‘सहमत’ दुसऱ्या थरावर, आणि ‘वाईट बातमी आणणारा अडकतो’ हे तिसऱ्या. प्रश्नावली बहुतेकदा दुसऱ्या थराखाली उतरत नाही. हे परीक्षेत मी लिहिलं होतं, पूर्ण गुणही मिळाले होते.

तेव्हापासून कुठल्याही गटात गेले की मी एकच गोष्ट शोधते: वाईट बातमी खालून वर कशी जाते, आणि कुठल्या पायरीवर अडते. कुटुंब असो, रुग्णालयाचा वॉर्ड असो की सरकारी कचेरी, हा धागा धरला की बाकीचं हळूहळू उलगडतं. कोण कुणाला टोकू शकतं, कुणाच्या नुसत्या शंकेला किंमत आहे आणि कुणाला आधी पुरावा आणावा लागतो, चूक कबूल करणाऱ्याचं पुढे काय होतं, ही सगळी उत्तरं त्या एका वाटेवर सापडतात.

या वाटेचा अभ्यास जगाने फार मोठी किंमत मोजून केला आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोईंग 747 धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का. कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते. त्यांनी ठामपणे उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. त्या इंजिनिअरला शंका आली होती, ती त्याने बोलूनही दाखवली, पण त्या ठाम उत्तरानंतर पुन्हा बोलला नाही. अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने एक कार्यशाळा घेतली आणि तिथून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण आकाराला आलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची, ऐकलं नाही तर पुन्हा कशी मांडायची, आणि कॅप्टनने ती कशी मागून घ्यायची, हे आज वैमानिकांना शिकवलं जातं. संस्कृती बदलता येते का, असं कुणी विचारलं तर मी आधी हे उदाहरण देते.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. 28 जानेवारी 1986 रोजी नासाचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी इतक्या थंडीत उड्डाण नको असं सांगितलं होतं, कारण सांध्यातली रबरी कडी थंडीत नीट काम करेल याची त्यांना खात्री नव्हती. चर्चेअंती त्यांच्याच व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरवला. समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की त्या रात्री कुणी नियम धाब्यावर बसवले असं म्हणून भागत नाही. आधीच्या उड्डाणांतही कड्यांची झीज झाली होती, यान मात्र दरवेळी सुखरूप परतलं होतं. झीज दिसली, काही बिघडलं नाही, मग तेवढी झीज चालते असं ठरलं. पुढच्या वेळी थोडी जास्त, तीही चालली. माझ्या कारखान्यातली तार नेमकी अशीच मुरत गेली होती. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान कोसळलं, तेव्हा चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं की अपघाताला इंधनटाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा जितका कारणीभूत होता, तितकीच संघटनेची संस्कृतीही होती. सतरा वर्षांनी, त्याच संस्थेबद्दल.

नवख्यांना अशा गोष्टी ऐकून माणसं भित्री असतात असं वाटतं. तसं म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे आणि खरा सहभागी काय करतो ते पाहायचं. सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं उघड चुकीच्या उत्तराला होकार देत. प्रयोगाचा हा भाग सगळे सांगतात. पण त्या गटात एक जरी माणूस खरं बोलणारा ठेवला, की चुकीचा होकार आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर येई. माणूस तोच, रेषाही त्याच. शेजारी एक सोबती मिळाला, एवढंच.

आकड्यांबद्दल आता एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील ही अपेक्षा होती, पण आकडे उलटे निघाले. चांगल्या चमूंमध्ये चुका जास्त नोंदलेल्या होत्या. त्यांनी शोध घेतला, तेव्हा तिथे चुकांबद्दल बोलता येत होतं म्हणून त्या नोंदीत येत होत्या, असं दिसलं. तेव्हा शून्य तक्रारींचा विभाग दिसला की घाईने शाबासकी लिहू नका, आधी तिथे जाऊन बसा.

संस्कृती रक्तात असते, ही लोकंच तशी, असं कुणी म्हणालं तर अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याची गोष्ट सांगा. जनरल मोटर्सचा तो कारखाना भांडणं, गैरहजेरी आणि वाईट दर्जासाठी बदनाम होता, 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला आणि बहुतेक कामगार जुनेच घेतले गेले. तिथे कुठल्याही कामगाराला दोरी ओढून मदत मागता येत होती, गरज पडली तर लाइन थांबवता येत होती, आणि दोरी ओढली की वरिष्ठ ‘अडचण काय आहे’ असं विचारत धावत यायचा. थोड्याच काळात दर्जा सुधारला, गैरहजेरी कोसळली. मात्र नुसती दोरी उचलून दुसऱ्या कारखान्यात टांगली म्हणून हे घडत नाही. दोरी ओढल्यावर वरून कोण येतं आणि कुठल्या सुरात बोलतं, ते सोबत न्यावं लागतं.

देशांच्या संस्कृतींची तुलना तुम्हाला अभ्यासक्रमात येईलच. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेडे यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवरून देशांची तुलना केली. सत्तेतलं अंतर माणसं किती सहज स्वीकारतात, हे त्यातलं एक माप. उपयोगी आहे, शिकून घ्या. फक्त ते आकडे देशाच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या माणसावर ते लावणं ही चूक खुद्द हॉफस्टेडेही मान्य करत नसत. मुलाखतीआधी ‘या देशातली माणसं अशी असतात’ हे वाचून गेलेला अभ्यासक तेवढंच ऐकून परततो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

कामाच्या सवयींबद्दल थोडं. नव्या जागी पहिल्या तीन आठवड्यांत रोज लिहा, कितीही थकलात तरी. तुम्हाला जे विचित्र वाटतं ते महिन्याभराने दिसेनासं होतं, कारण तुम्हीही त्या गटाचे होत जाता. मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘इथे मोकळेपणा आहे का’ असं विचारलं की ‘हो’ येतं. ‘शेवटची मोठी चूक झाली तेव्हा आधी कुणाला कळलं, मग त्याने काय केलं’ असं विचारलं की माणूस खुर्चीत सावरून बसतो आणि बोलू लागतो. मीटिंगला बसा, पण मीटिंग संपल्यावर जिन्यात काय बोललं जातं तेही ऐका. नव्याने लागलेल्यांशी लवकर बोला, आणि नोकरी सोडून चाललेल्यांशी आवर्जून बोला. सफाई कर्मचारी, रिसेप्शनवरची माणसं, रात्रपाळीचे पहारेकरी यांना गाठा. नोकऱ्या मनुष्यबळ, औद्योगिक सुरक्षा, रुग्णालय प्रशासन, विलीनीकरण सल्ला अशा वेगवेगळ्या नावांनी येतात, ‘संस्कृती’ हा शब्द जाहिरातीत शोधत बसू नका.

आणि एक गोष्ट कुठल्याच वर्गात मला पुरेशी सांगितली गेली नव्हती. माझ्या दुसऱ्या अहवालात मी कुणाचंही नाव लिहिलं नव्हतं. ‘रात्रपाळीतल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरच्या मते’ एवढंच लिहिलं होतं. पण रात्रपाळीत त्या विभागात ज्येष्ठ ऑपरेटर एकच होते. महिन्याभरात त्यांना दुसऱ्या विभागात हलवलं. मी भेटायला गेले, क्षमा मागितली. ते म्हणाले, “तुम्ही खरंच लिहिलंत ना, मग झालं.” त्यांचं ते बोलणं मला अजून सोडत नाही. त्यानंतर प्रत्येक अहवाल देण्याआधी मी तो एकदा वरिष्ठाच्या नजरेने वाचते, कोण बोललं असेल हे हुडकण्याच्या इराद्याने. एकजण जरी ओळखता आला, तर ते वाक्य काढते, पाळी बदलते, दोन मुलाखती एकत्र करते. त्याने अहवालाची धार कमी झाली तरी चालेल. ज्याने खरं सांगितलं, त्याला दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभं राहायचं असतं.