केरेतारोत नवीन आलात? मग एका रविवारी आमेआल्कोला जाऊन या

मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला मी हेच सांगते. पहिले दोन-तीन महिने ऑफिस, भाड्याचं घर, मुलांची शाळा आणि इमिग्रेशनचं कार्ड यातच जातात (व्हिसा घेऊन आलात की ३० दिवसांच्या आत कार्डाचं काम सुरू करायचं असतं, त्यात चालढकल करू नका), आणि मग पहिली मोठी सुट्टी आली की सगळे कॅनकूनची तिकिटं काढतात. जा की, समुद्र सुंदरच आहे. पण त्याच्या आधी एक रविवार काढून जवळच्या आमेआल्को गावाला जा, आणि एकदाच जाऊन थांबू नका, परत परत जा.

मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही पण गेट असलेल्या सोसायटीत राहायचो, ऑफिसात सगळे इंग्लिश बोलायचे, भाजी सुपरमार्केटमधून यायची, आणि वर्ष झालं तरी मला स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. जे काही स्पॅनिश आज मला येतं ते आमेआल्कोच्या चौकातल्या बाकांवर बसून आलंय. शहरात माणसं घाईत असतात, तुम्ही अडखळलात की तेच इंग्लिशवर येतात. गावात कोणी इंग्लिश बोलत नाही आणि कोणाला घाई पण नाही, तुम्ही शब्द शोधेपर्यंत समोरचा माणूस शांतपणे थांबतो.

जायचं कसं ते सांगते. केरेतारोच्या बस टर्मिनलवरून बस मिळते, गाडी असेल तर उइमिल्पानवरून सव्वा तासाच्या आसपास लागतो. रस्ता चांगला आहे पण तोपे, म्हणजे स्पीडब्रेकर, प्रत्येक वस्तीच्या आधी आणि नंतर असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना रंग नसतो, त्यामुळे गाडी हळू घ्या. अंधार पडायच्या आत परत निघायचं. रात्री गावाकडच्या रस्त्यावर गाडी चालवू नये हे इथले लोकच सांगतात, गुरं असतात, दिवे नसतात. कार्ड किंवा पासपोर्टची कॉपी जवळ ठेवा, आणि काही अडचण आली तर नंबर ९११.

आता थंडीबद्दल, कारण हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही. मेक्सिको म्हणजे ऊन आणि वाळवंट असं डोक्यात घेऊन आपण येतो. केरेतारो शहरच मुळात १,८०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई (१,६४६ मीटर) पण त्याच्या खाली राहिलं, आणि आमेआल्को तर २,६०० च्या घरात. दुपारचं ऊन चटका लावतं आणि सूर्य गेला की लगेच स्वेटर लागतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं. लहान मुलं आणि आई-बाबा बरोबर असतील तर पहिल्या तासात त्यांना फार चालवू नका, पाणी पाजत राहा, थोडं डोकं जड होतं मग ठीक होतं. घरी डाळ शिजायला वेळ का लागतो याचं उत्तर पण हेच, उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तेवढं गरम होत नाही, त्यामुळे कुकर भारतातून येतानाच आणा.

गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोलणं. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, बाकावर कोणाच्या शेजारी बसलात की आधी "बुएनोस दियास", दुपारनंतर "बुएनास तार्देस". हे न म्हणता थेट "हे केवढ्याला?" विचारलं तर उत्तर मिळतं पण समोरच्याला ते लागतं. खानावळीतून बाहेर पडताना बाकीच्या टेबलांवर जेवत असलेल्या अनोळखी माणसांना "प्रोवेचो" म्हणायचं, सावकाश जेवा म्हणतो ना आपण, तसंच. आणि त्यांच्याकडे तू आणि तुम्ही वेगळं आहे, तू आणि उस्तेद. हे आपल्याला सोपं पडायला हवं, पण क्लासमध्ये आणि ॲपवर सगळे "तू" शिकवतात आणि आपण गावात जाऊन सत्तर वर्षांच्या आजींना "तू" म्हणतो. तुमच्या गावातल्या आजींना तुम्ही काय म्हणाल तेच इथे म्हणा, उस्तेद, आणि नाव माहीत असेल तर नावाआधी दोन्या, आजोबा असतील तर "दोन" (आकडा नाही, मान द्यायचा शब्द).

अजून एक, हे नीट लक्षात ठेवा. कुठले म्हणून विचारलं तर "सोय दे ला इंदिया" म्हणा. "इंदियो" म्हणू नका. तो शब्द इथे मूळ रहिवाशांना हिणवायला वापरला गेलेला आहे आणि आमेआल्कोत तर निम्मा बाजार ओतोमी, म्हणजे इथल्याच एका मूळ समाजातल्या बायांचा असतो, त्यांच्यासमोर तो शब्द तोंडातून जाता कामा नये. ते तुम्हाला "इंदू" म्हणतील, हिंदू, त्याचा धर्माशी संबंध नाही, भारतातला माणूस एवढाच अर्थ. आमच्या ओळखीतल्या एका मुस्लिम कुटुंबाला सुरुवातीला ते खटकायचं, अर्थ कळल्यावर प्रश्न मिटला.

खाण्याबद्दल मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे. शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" पुरत नाही, कार्ने म्हणजे त्यांच्या मनात गाय नाहीतर डुक्कर, कोंबडी त्यात येत नाही, हॅम पण कधीकधी येत नाही. पूर्ण म्हणायचं: नो कोमो कार्ने, नी पोयो (कोंबडी), नी पेस्कादो (मासे), नी मान्तेका. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये (राजमासारखी उसळ घोटून परततात) ती बऱ्याच ठिकाणी घालतात. पहिल्या वर्षी एका खानावळीत मी कितीतरी दिवस ते खात होते आणि कळल्यावर मला खूप वाईट वाटलं, त्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण मी विचारलंच नव्हतं. भात पण विचारून घ्या, कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो.

पण विचारून खाल्लं तर शाकाहारी माणसाचे इथे फार लाड होतात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाजारात भोपळ्याची फुलं येतात, त्याच्या केसादिया करतात, म्हणजे मक्याच्या पोळीत सारण भरून, घडी घालून भाजतात. बेर्दोलागास म्हणून जी जुडी दिसेल ती आपली घोळ आहे, किंतोनिलेस म्हणजे माठाच्या जवळची राजगिऱ्याची पानं. मी पहिल्यांदा घोळ बघितली तेव्हा बाजारात उभ्या उभ्या डोळ्यात पाणी आलं, चार जुड्या घेऊन आले आणि रात्री डाळ घालून गरगटं केलं. लाल सरबत मिळतं, आग्वा दे हामाईका, ती लाल अंबाडीची बोंडं. काटे काढून विकायला ठेवलेली लालहिरवी फळं म्हणजे तुना, फड्या निवडुंगाची. आणि आलेग्रिया नावाची वडी घ्या, पाकातला फुललेला राजगिरा, एकादशीची वडीच. राजगिरा मूळचा इथलाच, तसाच झेंडू इथला, निशिगंध इथला, मिरची तर इथलीच, पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला उतरली. मुलांना हे बाजारात हातात देऊन दाखवा, पुस्तकात वाचून तसं कळत नाही.

तोर्तिया, म्हणजे इथली मक्याची भाकरी, कशी करतात ते थांबून बघा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, हो, आपला पानाचा चुना असतो तसलाच चुना, मग साल सुटतं, दळायला जातो, आणि त्याचा जो पिठाचा गोळा येतो त्याला "मासा" म्हणतात (आपल्या माशाशी संबंध नाही). कोपऱ्यावरच्या एका बाईंकडे मी नेहमी जाते, त्या निळ्या मक्याच्या करतात. मातीचा कोमाल, म्हणजे तवा, त्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिलेला असतो म्हणजे चिकटत नाही. गोळा दोन तळव्यात थापत थापत मोठा करतात, पळी नाही, उलथनं नाही, कडा बोटांनी उचलून उलटतात, आणि दुसऱ्यांदा उलटल्यावर मधोमध बोटांनी हलकेच दाबलं की ती टम्म फुगते. भाकरी फुगल्यावर जो वाफेचा वास येतो ना, थोडा करपट, थोडा गोड, तोच. तोर्तियेरीयात, म्हणजे तोर्तियाच्या दुकानात, हा मासा किलोवर मिळतो, घरी आणून त्यात कांदा, तीळ, धणेपूड, थोडं बेसन घालून थालीपीठ लावा, उत्तम होतं. ज्वारीचं पीठ शोधत फिरू नका, शेजारच्या ग्वानाह्वातो राज्याकडे जाताना ज्वारीची शेतंच्या शेतं दिसतील पण ती गुरांसाठी पिकवतात.

वाटेत बांधाला निळसर घायपात दिसेल, माग्वे. त्याच्या गाभ्यात जो गोड रस जमतो तो आग्वामिएल, आपल्या नीरेसारखा, सकाळी ताजा मिळाला तर मुलांना पण द्या. तोच आंबला की पुल्के, त्याची ताडीशी तुलना करा आणि ठरवा.

आता बाहुल्या. आमेआल्को ओळखलं जातं ते ओतोमी बायकांच्या कापडी बाहुल्यांसाठी. दोन वेण्या, डोक्यावर रंगीत रिबिनींचा मुकुट, झालरीचं पोलकं. सगळ्यात प्रसिद्ध बाहुलीचं नाव लेले, ओतोमीत लेले म्हणजे बाळ (आमच्यातल्या लेले मंडळींकडे प्रत्येकी दोन-दोन आहेत). सांतियागो मेक्सकितित्लान आणि सान इल्देफोन्सो तुल्तेपेक या खेड्यांमधल्या बायका करतात, गावात बाहुल्यांचं म्युझियम पण आहे, ते अर्ध्या तासात होतं. मशिनवर केलेल्या नकला शहरात सगळीकडे मिळतात. बाहुली करणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि भाव करू नका. मला माहितीये आपला हात आपोआप जातो, मंडईत वाढलोय आपण, पण एका बाहुलीमागे किती तास बसावं लागतं ते बघितलं की तोंड उघडत नाही.

माझी आई तीन महिने आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, बाहुल्या करणाऱ्या ज्या आजींकडे आम्ही थांबलो त्यांचं स्पॅनिश पण तोडकंच, त्या शेजारणींशी ओतोमीत बोलायच्या. आईने एक बाहुली उचलली, सरळ फ्रॉक उलटा केला आणि आतली शिलाई बघितली. मला वाटलं आजी रागावतील. त्यांनी हातातलं अर्धं झालेलं काम आईकडे दिलं. आईने टाका बघितला, मला म्हणाली "हा धावदोराच आहे गं, पण किती बारीक", आणि सुई घेऊन चार टाके घातले, गोधडीला घालते तसे. आजींनी ते बोटाने चाचपून बघितले, मान हलवली, दोन टाके उसवले आणि परत घालायला लावले. दोघी फुटपाथवर तासभर बसल्या होत्या, मी मध्ये भाषांतर करायला गेले तर आईने मला हाताने गप्प केलं. आई अजून फोनवर विचारते त्या बाई भेटल्या का म्हणून. फोनचं गणित पण सांगून ठेवते, इथे २०२२ नंतर घड्याळ मागेपुढे करायची भानगड बंद झाली, भारत वर्षभर साडेअकरा तास पुढे, इथली रविवारची रात्री आठची वेळ म्हणजे तिकडे सोमवार सकाळचे साडेसात.

बारीकसारीक गोष्टी: रोख पैसे न्या आणि सुटे न्या, ५०० ची नोट सकाळी सकाळी कोणी मोडून देत नाही. इथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चार, त्या वेळात लहान दुकानं बंद असतात, मग चौकात झाडाखाली बसा, तेच करायचं असतं. रविवारी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं बाजाराला येतात म्हणून गर्दी असते, खरी शांतता हवी असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. पहाटे धडाधड आवाज आले तर घाबरू नका, कुठल्यातरी देवळाच्या जत्रेचे उडते फटाके असतात. १ आणि २ नोव्हेंबरला जाल तर कब्रस्तानात झेंडूचे ढीग आणि गेलेल्या माणसांच्या आवडीचं खाणं मांडलेलं दिसेल. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात, त्या नजरेने बघा, आणि त्या दिवशी मोबाईल खिशात ठेवा.

एरवी पण फोटो काढण्याआधी विचारा, "पुएदो?" (काढू का?) एवढं पुरतं. नाही म्हणाल्या तर नाही. आणि हो म्हणाल्या तर शहरात परत आल्यावर त्या फोटोची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा आणि पुढच्या खेपेला नेऊन द्या. मी पहिली प्रिंट नेऊन दिली त्या दिवशी त्या तोर्तियावाल्या बाईंनी मला त्यांच्या शेजारी बसायला उलटी बादली दिली, आता ती माझीच जागा आहे. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते मात्र उतरल्या उतरल्या विचारून घ्या, बसल्यावर वेळेचं भान राहत नाही.