दुचाकीच्या मागे लागणारी कुत्री : गावरस्त्यावर काय करावे आणि काय टाळावे

ज्याला रोज सकाळी तालुक्याहून खेड्याला मोटारसायकलने जावे लागते, त्याला रस्त्यावरचे खड्डे जसे पाठ होतात तशीच कुत्रीही पाठ होतात. मी वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यातल्या एका शाळेवर शिकवायला जातो. एकेरी वाट अठरा किलोमीटरची आहे आणि तिच्यावर कुत्री उठण्याची ठिकाणे मोजून पाच आहेत, त्यांतले पहिले म्हणजे नाल्याच्या रपट्यापलीकडचा (नाल्यावरच्या ठेंगण्या फरशी-पुलापलीकडचा) गुरांचा कोठा. या रस्त्यावर मी नवा असताना त्या कोठ्यावरच्या तांबड्या कुत्र्याला डाव्या पायाने लाथ मारायला गेलो. तेवढ्यात पुढचे चाक साईडपट्टीच्या मुरुमावर उतरले, गाडी आडवी झाली आणि उजवे मनगट मोडले. कुत्र्याचा दात मला लागलाच नव्हता. उलट मी पडल्यावर तो चार पावले मागे सरकून, शेपूट खाली घालून, आता पुढे काय करायचे असा माझ्याकडे पाहत उभा राहिला. दुचाकीस्वाराला खरा धोका चाव्यापेक्षा तोल जाण्याचा असतो, हे तेव्हा कळले, आणि पुढचे सगळे सांगणे त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

कुत्रे गाडीमागे का लागते हे समजून घेतले तर त्याच्याशी वागणे सोपे जाते. कोठ्यावरचे किंवा शेतावरचे कुत्रे आपली हद्द राखत असते, आणि गाडी दरवेळी निघून जात असल्याने ‘मी हाकलले म्हणून गेली’ असा त्याचा समज रोज पक्का होत राहतो. दुसरे म्हणजे पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा त्याचा जातिस्वभाव आहे. आपण जितके जोरात पळू तितका त्याला जोर येतो. तिसरे कारण आपल्या लक्षातही येत नाही. गाडी चार गावे फिरते, त्या गावांतली कुत्री तिच्या चाकावर मुततात, आणि तो परका वास पाचव्या गावातल्या कुत्र्याला कळत असावा. याशिवाय काळवेळ आहे. भादव्यात कुत्र्यांचा माज असतो आणि तेव्हा ती टोळीने फिरतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात पिले होतात, म्हणजे नेमकी कापूस वेचणीच्या हंगामात, जेव्हा सकाळी-सकाळी मजुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या गाड्या पांदण रस्त्यांवर वाढलेल्या असतात. पिले असलेली कुत्री गाडीमागे लागत नाही, ती अंगावर येते, आणि तिच्यापुढे कोणतीही युक्ती चालवू नये. कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगाजवळ किंवा रस्त्याच्या नळकांडी पुलाखाली पिले दिसली असतील, तर तेथे महिनाभर गाडी हळू आणि शक्य तितकी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने न्यावी. मे महिन्यातल्या दुपारी मात्र आपल्याकडचे उन्ह कुत्र्यांनाही उठू देत नाही, त्यामुळे बहुतेक प्रसंग पहाटेचे, सकाळचे आणि दिवेलागणीनंतरचे असतात.

आता प्रत्यक्ष गाडीवर काय करायचे ते सांगतो. कुत्रे पायाशी आल्यावर जे सुचते त्याचा उपयोग नसतो. जे करायचे ते पन्नास-साठ मीटर अंतरावर, कुत्रे नुसते मान वर करते तेव्हा करायचे असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. गावठी कुत्रेही थोड्या अंतरापुरते ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने पळू शकते, त्यामुळे अरुंद, उखडलेल्या रस्त्यावर त्याला वेगाने हरवण्याचा हिशेब बहुधा चुकतो. कुत्रे गाडी आत्ता जेथे आहे तेथे धावत नाही. ती पुढे जेथे असेल तेथे ते तिरके कापत येते. म्हणून लांबूनच ॲक्सिलरेटर सोडावा, एक गिअर खाली घ्यावा आणि वेग २५-३०वर आणावा. कुत्रे आपला मार्ग या कमी वेगावर ठरवते. ते धावत निघाले आणि आठ-दहा मीटरवर आले की गिअर न बदलता, झटका न देता, ॲक्सिलरेटर एकसारखा वाढवून पुढे निघावे. कुत्रे जेथे आपल्याला गाठणार होते तेथे आपण नसतो, ते मागच्या चाकाच्याही मागे पडते, आणि वीसेक पावले धावून आपली हद्द संपली की थांबते. ही युक्ती फक्त सरळ आणि कोरड्या डांबरावर करावी. वळणावर, मुरुमावर, ओल्या रपट्यावर किंवा जेथे पोरे खेळत असतात अशा वस्तीत वेग वाढवण्याचा विचारही करू नये.

लाथ मारू नये, कारण उजवा पाय उचलला की मागचा ब्रेक गेला, डावा उचलला की गिअर गेला, आणि दोन्ही वेळा पाय कुत्र्याच्या तोंडाशी आपणच नेऊन दिलेला असतो. काही जण दोन्ही पाय उचलून टाकीवर घेतात. तसे केल्यास गाडी केवळ हातांच्या भरवशावर राहते, तेव्हा तेही करू नये. पाय पायदानावर, गुडघे टाकीला लागलेले आणि नजर पुढच्या रस्त्यावर, हीच बैठक सर्वांत सुरक्षित आहे. मान वळवून कुत्र्याकडे पाहिले की हँडलही हळूहळू तिकडेच वळते, हे प्रत्येक चालवणाऱ्याने अनुभवलेले असेल. सतत हॉर्न वाजवणे आणि रेस देणे यांनी कुत्रे घाबरत नाही, चेकाळते. फोडलेल्या सायलेन्सरच्या फटफटीमागे गावभरची कुत्री का लागतात, याचे उत्तर तेवढ्यात आले.

कुत्रे अगदीच पिच्छा सोडत नसेल आणि मागे वाहन नसेल, तर गाडी हळूहळू थांबवावी. हे ऐकायला उलटे वाटते, पण पळणारी वस्तू थांबली की बहुतेक कुत्र्यांचा निम्मा उत्साह तेथेच संपतो. इंजिन चालू ठेवावे, गाडीवरून उतरून पळू नये, दोन्ही पाय जमिनीला टेकवून स्थिर राहावे, कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत आणि खणखणीत पण न किंचाळता ‘हाड!’ म्हणावे. आपल्याकडच्या प्रत्येक कुत्र्याला माणूस खाली वाकला म्हणजे दगड उचलणार हे ठाऊक असते, म्हणून नुसते वाकल्याचे सोंग पुरते; खरा दगड मारण्याची गरज नसते, आणि मारला तर ते कुत्रे उद्या आपल्याला नेमके ओळखून उठते. ते थांबले की पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने निघावे आणि बरेच पुढे गेल्यावरच वेग घ्यावा. टोळी असेल तर पुढे येणारे एकच असते, बाकीची त्याच्या जिवावर भुंकतात. ‘हाड’ त्या एकाकडे तोंड करून म्हणावे.

मागे बसणाऱ्याला हे सगळे आधी सांगून ठेवावे लागते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, कुत्रे बहुधा डाव्या साईडपट्टीवरूनच उठते, आणि एकाच बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचे दोन्ही पायही डावीकडेच असतात. अशा वेळी घाबरून पाय वर घेतले की गाडी लगेच डोलते. साडी गार्ड आणि त्याखालची पायपट्टी मोडलेली असेल तर ती आधी बसवून घ्यावी, पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, एक हात मागच्या पकडीवर ठेवावा आणि कुत्रे दिसल्यावर किंचाळायचे नाही एवढे ठरवून घ्यावे. लहान मुलाला टाकीवर बसवून नेण्याची आपल्याकडची पद्धत या एका कारणासाठी तरी सोडली पाहिजे. दुधाच्या कॅन लटकवून जाणाऱ्यांनी आणि खताचे पोते आडवे ठेवणाऱ्यांनी गाडीला लवकर वळता येत नाही हे ध्यानात ठेवून कुत्र्यांच्या ठिकाणी वेग आधीच कमी करावा. हेल्मेट, पूर्ण पँट आणि चपलेऐवजी बूट यांविषयी वेगळे काय सांगायचे?

रात्रीच्या प्रवासात एक गोष्ट विदर्भातल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. शेतात जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, असते आणि जागलकऱ्यांची कुत्री रानडुकरे आणि रोही (नीलगायी) हाकलत असतात. धुऱ्याकडून (शेताच्या बांधाकडून) रस्त्याच्या दिशेने कुत्र्यांचा गलका येत असेल, तर ती आपल्यामागे लागली आहेत असे समजून वेग वाढवू नये, कारण रस्त्यावर आधी रोही येतो आणि कुत्री त्याच्यामागून येतात. भरल्या अंगाचा रोही गाडीला आडवा आला तर कुत्र्याचा प्रसंग किरकोळ वाटावा अशी गत होते. अशा वेळी वेग अगदी कमी करून, गलका रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत थांबलेले बरे.

इतके करूनही कुत्रे पुढच्या चाकासमोर आलेच, तर हँडल वळवू नये. वाचवण्यासाठी मारलेली वळसणी आपल्याला नाल्यात किंवा समोरच्या ट्रॅक्टरखाली नेते. सरळ रेषेत दोन्ही ब्रेक जमतील तितके दाबून वेग तोडावा, आणि धडक टळतच नाही असे दिसले तर धडकेच्या क्षणी पुढचा ब्रेक सोडून, हँडल दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरून पुढे जावे.

रोजच्या वाटेवरचे कुत्रे ही मात्र रोजची युक्ती लढवण्याची गोष्ट नाही; ती एकदाच मिटवून टाकता येते. मनगट बरे झाल्यावर मी रपट्यापलीकडे गाडी बंद करून उभा राहिलो आणि कोठ्यावरच्या काकांना हाक मारली. काकांनी ‘यूऽ यूऽ’ करून कुत्र्याला बोलावले, मी आणलेली अर्धी भाकर त्यांनी त्यांच्या हाताने माझ्यासमोर त्याला घातली, आणि त्याने आधी माझ्या चपला, मग गाडीचे मागचे चाक, मग पुढचे चाक असे सावकाश हुंगून घेतले. असे पाच-सहा दिवस केल्यावर तो उठेनासा झाला. यात दोन पथ्ये आहेत. भाकर कोठ्याच्या आत घालावी, रस्त्यावर कधीही नाही, कारण रस्त्यावर खायला मिळाले की कुत्री रस्त्यावरच बसू लागतात. आणि मालक समोर नसताना परक्या कुत्र्याला हाताने भरवू नये. मालकाशी बोलताना तक्रारीचा सूर लावला की ‘आमचं कुत्रं काही करत नाही, भाऊ’ हे ठरलेले उत्तर मिळते. त्यापेक्षा शाळेच्या आणि दुधाच्या वेळेपुरते सकाळी तासभर त्याला बांधून ठेवता येईल का, आणि रेबीजची लस वर्षातून एकदा टोचली आहे का, एवढेच विचारावे. लशीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी शिबिरेही होतात.

मोकाट कुत्र्यांचे काम एकट्याचे नाही, ते ग्रामपंचायतीत मांडावे लागते. कोंबडीच्या आणि मटणाच्या दुकानांची घाण रस्त्याकडेला टाकली जाते, मेलेली गुरे गावाबाहेर रस्त्यालगत टाकली जातात आणि टोळ्या तेथेच जमतात. ही जागा हलवली तरी रस्त्यावरचा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि त्यानंतर कुत्रे सहसा पकडले त्याच जागी सोडायचे असते. फवारणीचे औषध भाकरीत घालून कुत्री मारण्याचा सल्ला पानठेल्यावर कोणी ना कोणी देतोच. तसे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ती भाकर गुरांच्या किंवा पोरांच्या हाती लागू शकते, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत शेजारची कुत्री येतात, ज्यांना आपली ओळख नसल्याने ती अधिक उठतात.

शेवटी चावा लागलाच तर. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. म्हणून येथे अर्धा तासही गप्पांत घालवू नये. जवळच्या हातपंपावर किंवा बोअरवर जाऊन जखम वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुवावी. अंगाचा साबण नसला तर कपड्याचा चालतो. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि जखम बांधू नये. त्यानंतर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि पडून जबर मार लागला असेल तर १०८ला फोन करावा. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली आहेत. आता लस दंडात देतात, शासकीय रुग्णालयात ती मोफत मिळते, आणि त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. दात रुतून रक्त आले असेल तर लशीसोबत जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, ते आरोग्य केंद्रात नसेल तर मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. गाडीवरून पडलेल्या माणसाच्या अंगावर खरचटल्याच्या खुणा अनेक असतात आणि त्यांत दाताची एखादी सहज लपते, तेव्हा डॉक्टरांना ‘पडलो’ एवढेच न सांगता ‘कुत्रे मागे लागले होते, त्याचे तोंड पोटरीला लागले’ असे नेमके सांगावे. पाळीव कुत्रे असेल तर मालकाला ते दहा दिवस बांधून ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगावे, पण त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिली लस लांबवू नये. सगळ्यांत जास्त चुकते ती अठ्ठाविसाव्या दिवसाची मात्रा, कारण तोपर्यंत जखम भरलेली असते आणि वेचणीचा खाडा परवडत नाही. म्हणून लशीचे कार्ड गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे आणि ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून टाकावी.