भूमध्य समुद्राकाठची सुट्टी: जून, जुलै, ऑगस्ट की सप्टेंबर?

ग्रीस, इटली किंवा दक्षिण स्पेनला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी विमानाची तिकिटं बघतात आणि स्वस्त तिकीट ज्या महिन्यात मिळेल तो महिना पक्का करतात. माझं सांगणं असं की आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यांवर पाऊस फारसा नसतो, ऊन लख्ख असतं, तरी जूनमधलं ग्रीसचं क्रीट बेट आणि ऑगस्टमधलं क्रीट यांत पुष्कळ फरक पडतो.

१. मुख्य बेत ठरवा. समुद्रात डुंबायचं आहे, प्राचीन अवशेष बघायचे आहेत, की बोटीने बेटं फिरायची आहेत? तिन्ही हवं असेल तर त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं, यावर घरात आधीच एकमत करून घ्या.

२. पाण्याचं तापमान बघा. समुद्र हवेपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. जूनच्या सुरुवातीला हवा छान उबदार असली तरी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्राचं पाणी २१-२२ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात कोकणात जवळपास ३० अंशांच्या पाण्यात उतरणाऱ्यांना ते चांगलंच गार लागतं. ऑगस्टमध्ये ते २५ अंशांपर्यंत जातं आणि सप्टेंबरभर बरंचसं टिकतं. पूर्वेकडे सायप्रसच्या किनाऱ्यावर पाणी याहून उबदार असतं. म्हणून जूनच्या आरंभी पोहायचं असेल तर दक्षिण-पूर्वेकडची ठिकाणं निवडा.

३. ऊन कमी लेखू नका. अथेन्सचं जुलैतलं दुपारचं सरासरी तापमान ३३-३४ अंश. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण सरासरीवर जाऊ नका. उष्णतेची लाट आली की पारा चाळिशी ओलांडतो, आणि प्राचीन मंदिरांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर सावली जवळजवळ नाहीच. २०२३ आणि २०२४ च्या लाटांमध्ये हे स्थळ ऐन दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं होतं. सिसिलीत सिराक्युजजवळ ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश नोंदले गेले, हा युरोपातला उच्चांक. आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि अवशेष हाच मुख्य बेत असेल, तर जुलै-ऑगस्ट सोडाच.

४. वाऱ्याची चौकशी करा. ही पायरी आपल्याकडचे प्रवासी हमखास विसरतात, आणि बेटांच्या सहलीचा सगळा डोलारा तर हिच्यावरच उभा असतो. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा कोरडा वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, त्यातून तो तयार होतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक. आकाश निरभ्र असतं, म्हणून फोनवरचं हवामान बघून काहीच कळत नाही. पण वाऱ्याचा जोर वाढला की मिकोनोस, नाक्सोस, पारोस या बेटांकडे जाणाऱ्या बोटी बंदरातच थांबवल्या जातात, आणि त्यातही जलद, छोट्या बोटी सर्वांत आधी. या दोन महिन्यांत गेलातच तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोहोचा. त्याच दिवशी सकाळी बेटावरून निघण्याचा धोका पत्करू नका. पोहण्यासाठी बेटांच्या दक्षिण बाजूचे किनारे निवडा. किंवा ग्रीसच्या पश्चिमेकडच्या कॉर्फू, केफालोनिया या बेटांवर जा. तिथे मेल्टेमीचा त्रास नाही.

५. १५ ऑगस्टच्या आसपास जाणं टाळा. इटलीत या दिवशी ‘फेरागोस्तो’ची सुट्टी असते. किनारे स्थानिक कुटुंबांनी भरून जातात, तर शहरांतली बरीच छोटी दुकानं आणि खानावळी मालकांच्या रजेमुळे बंद असतात. ग्रीसमध्येही याच दिवशी मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या दिवसांत बोटीचं तिकीट मिळणं कठीण आणि खोल्यांचे दर चढे.

६. आपलं कॅलेंडर शेजारी ठेवा. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. मुलं बरोबर असतील तर मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा एवढाच काळ हातात उरतो. त्यात क्रीट किंवा सायप्रस उत्तम. घरी गणपती बसत असेल तर सप्टेंबरचं काही ठरवण्याआधी त्या वर्षीची चतुर्थी बघा. ग्रीस, इटली, स्पेनसाठी शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनला निघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. सायप्रसचे व्हिसाचे नियम मात्र स्वतंत्रपणे तपासा.

शाळेचं बंधन नसेल तर मी बिनदिक्कत सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सुचवेन: पाणी उबदार, वारा मंदावत चाललेला, युरोपातल्या शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी कमी आणि बाजारात ताजी अंजिरं-द्राक्षं. दिवस मोठा हवा असेल, संध्याकाळी साडेआठनंतरही उजेडात भटकायचं असेल, तर जूनचा उत्तरार्ध. सप्टेंबरमध्ये जाताना मात्र हवामानाचे इशारे रोज बघा. तापलेल्या समुद्रावर तेव्हा मोठी वादळं होऊ शकतात. सप्टेंबर २०२३ मधल्या ‘डॅनियल’ वादळाने आधी ग्रीसच्या थेसली भागात आणि मग लिबियात महापूर आणला होता.